नव्हाहो चांदीचे जुने इनले दागिने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्हाहो ही अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातली एक मूलनिवासी जमात. तिच्या कारागिरांनी चांदीत दगड बसवून केलेल्या दागिन्यांबद्दलचं हे पान दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहे. काहींच्या घरी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातून आलेला असा एखादा दागिना आहे, तर काही जण ॲरिझोना-न्यू मेक्सिकोच्या सहलीत तो घ्यायच्या विचारात आहेत. खालची बहुतेक उत्तरं एकाच गोष्टीभोवती फिरतात: दगड चांदीत कशाच्या आधाराने बसलाय? ते कळलं की काय घ्यायचं, कशाने पुसायचं आणि कुठे हात लावायचा नाही, हे ठरवणं सोपं जातं.

इनले म्हणजे काय? आपल्या कुंदन-जडावासारखंच का?

नाही. कुंदनात खड्याखाली लाख असते आणि शुद्ध सोन्याची पट्टी खड्याच्या कडेने दाबून त्याला धरून ठेवते. इनलेमध्ये दगड किंवा शिंपला सपाट कापतात, चांदीच्या खळग्यात चिकटवतात आणि शेवटी दगड व चांदी एकत्रच घासून एका पातळीत आणतात. चांगल्या कामावरून नखाची कड फिरवली तर ती कुठे अडकत नाही. दगडाला धरणारी पट्टी नसल्यामुळे सगळी भिस्त खालच्या चिकटवणीवर असते.

बाजारात चार प्रकार दिसतात. ‘चॅनल’ प्रकारात चांदीच्या पातळ पट्ट्या तळपत्र्यावर उभ्या झाळलेल्या असतात, म्हणजे दर दोन दगडांमध्ये चांदीची भिंत असते. ‘स्टोन-टू-स्टोन’मध्ये भिंत नसते, दगडाला दगड भिडलेला असतो. ‘कॉबलस्टोन’मध्ये प्रत्येक तुकड्याचा माथा गोलसर ठेवतात, त्यामुळे दगडी फरसबंदीसारखा उंचसखलपणा येतो. चौथा ‘चिप इनले’. नव्हाहो कामात हा बराच सापडतो.

चिप इनले कसं करतात?

दोन पत्रे घेतात. वरच्या पत्र्यातून बारीक करवतीने आकृती कापून काढतात: मोर, पायऱ्यांची नक्षी, पीस. तो पत्रा खालच्या अखंड पत्र्यावर झाळला की आकृतीच्या जागी खळगा तयार होतो. फिरोजा आणि पोवळ्याचा चुरा इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या चिकटवणीत) कालवून त्या खळग्यात काठाच्या थोडा वर येईल इतका भरतात. इपॉक्सी पूर्ण कडक झाली की चाकावर घासून सपाट करतात आणि मग पॉलिश. झाळकाम नेहमी भरण्याच्या आधीच पूर्ण करावं लागतं, कारण भरल्यानंतर दागिन्याला ज्योत दाखवता येत नाही. ही गोष्ट दुरुस्तीच्या वेळी पुन्हा आठवायची आहे.

1970 च्या दशकात हा प्रकार लोकप्रिय करण्याचं श्रेय नव्हाहो कारागीर टॉमी सिंगर यांना दिलं जातं. फिरोजा कापताना, आकार देताना उरलेला चुरा वाया न घालवता त्यातून एक स्वतंत्र शैली उभी राहिली. तिला ‘स्वस्तातलं काम’ म्हणणं आम्हाला पटत नाही. खळग्याच्या कडा किती स्वच्छ कापल्यात हे भिंगातून बघावं, म्हणजे हात किती तयार होता ते कळतं.

यात कोणते दगड आणि कोणते शिंपले असतात?

पहिला मान फिरोजाचा, म्हणजे आपल्या पेरोजाचा. तांबं आणि ॲल्युमिनियम यांचं हे पाणीयुक्त फॉस्फेट. काठिण्य 5 ते 6, म्हणजे काचेच्या आसपास. मग पोवळं, काळं जेट, मोत्याचा शिंपला, अबलोनी हा रंगीत चमकेचा शिंपला आणि ‘स्पायनी ऑयस्टर’ नावाचा काटेरी शिंपला. हा शिंपला कॅलिफोर्नियाच्या आखातातून येतो, नारिंगी, लाल आणि जांभळ्या छटांत. जेट हा मुळात कोळशाचाच प्रकार, म्हणून वजनाला हलका आणि मऊ.

नव्हाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणतात. त्यांच्या परंपरेत चार दिशांना चार पवित्र पर्वत आहेत आणि प्रत्येकाशी एक द्रव्य जोडलेलं आहे: पूर्वेला पांढरा शिंपला, दक्षिणेला फिरोजा, पश्चिमेला अबलोनी, उत्तरेला जेट. एकाच कड्यात हे चारही दिसले तर रंगसंगतीपलीकडेही त्याला अर्थ असू शकतो. पोवळं या चौकडीत नाही. ते भूमध्य समुद्रातून व्यापाऱ्यांमार्फत आलं.

नव्हाहो की झुनी, हे कसं ओळखायचं?

झुनी आणि होपी या त्याच भागातल्या दुसऱ्या मूलनिवासी जमाती. ढोबळ नियम असा: नव्हाहो कामात आधी चांदी बोलते, झुनी कामात आधी दगड. जाड पत्रा, खोल उमटलेले ठसे, भारदस्त कडं आणि मध्ये थोडकं इनले असेल तर नव्हाहोकडे कल. सगळा पृष्ठभाग बारीक कापलेल्या दगडांनी भरलेला आणि चांदी नुसती चौकटीपुरती असेल तर झुनी. होपी लोकांची ओळख ‘ओव्हरले’: काळ्या केलेल्या तळावर कापलेला वरचा पत्रा, बहुधा दगडाविना.

पण हा नियम फार ताणू नये. झुनी गावातले व्यापारी सी. जी. वॉलेस यांच्याकडे चांदीकाम नव्हाहो कारागिराचं आणि दगडकाम झुनी कारागिराचं, असे दागिने बनले आहेत. होपी कलाकार चार्ल्स लोलोमा (1921–1991) यांच्या उंच-सखल दगडांच्या इनलेचा प्रभाव तर सगळ्यांवरच पडला. विकणारा फक्त आकृती बघून ठामपणे जमात सांगत असेल तर ‘कशावरून?’ असं जरूर विचारा.

‘व्हिंटेज’ म्हणजे किती जुनं?

दुकानदार साधारण 1930 ते 1980 च्या दरम्यानच्या मालाला हा शब्द लावतात. इनलेच्या बाबतीत कालक्रम माहीत असला की बरीच फसवणूक टळते.

अत्सिदी सानी हे पहिले नव्हाहो रौप्यकार मानले जातात. ते एका मेक्सिकन कारागिराकडून लोहारकाम शिकले होते. 1864 ते 1868 या काळात अमेरिकन सैन्याने नव्हाहोंना न्यू मेक्सिकोतल्या बोस्के रेडोंडोच्या छावणीत डांबलं होतं. 1868 च्या करारानंतर ते आपल्या भूमीत परतले आणि चांदीकाम खऱ्या अर्थाने पसरलं. सुरुवातीचा माल म्हणजे वितळवलेली नाणी. अमेरिकन चांदीच्या नाण्यात 90 टक्के चांदी, बाकी तांबं. मूस तापवायची, कांडी ओतायची, ती ठोकून पत्रा करायचा, मध्ये मध्ये लाल तापवून मऊ करायची. नाहीतर काठ फाटतात. ठसे जुन्या कानशी आणि छिन्न्यांपासून घरीच बनत. चांदीत फिरोजा बसवायला 1880 च्या आसपास सुरुवात झाली, तीही उंच कोंदणात. 1899 पासून रेल्वेमार्गावर हॉटेलं चालवणारी फ्रेड हार्वी कंपनी प्रवाशांसाठी हलके दागिने मागवू लागली. 92.5 टक्क्यांचा तयार स्टर्लिंग पत्रा त्यानंतर रुळला.

सपाट घासलेलं इनले झुनींकडे 1930 च्या दशकात बहरलं. आज बाजारात दिसणारं नव्हाहो इनले बहुतांशी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. त्यामुळे चिप इनलेचं बक्कल ‘1900 सालचं’ म्हणून समोर आलं तर ते तिथेच खाली ठेवावं. इपॉक्सीच मुळी 1940 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली.

मागे शिक्का नाही. नकली असेल का?

शिक्का नसणं हा दोष नाही. कारागिराने स्वतःचं चिन्ह उमटवण्याची पद्धत 1970 च्या दशकात सर्रास झाली, त्याआधीचं पुष्कळ काम कोरंच आहे. उलट ‘स्टर्लिंग’ हा एवढाच शिक्का काहीच सिद्ध करत नाही, तो कुठेही मारता येतो.

काही जुन्या खुणा मात्र उपयोगी आहेत. ‘यू. एस. नव्हाहो’ आणि पुढे आकडा असा शिक्का 1930 च्या दशकाच्या शेवटी सरकारी हस्तकला मंडळाच्या योजनेत मारला जाई. त्यासाठी काम हाताचं असणं आणि चांदी किमान 90 टक्के असणं ही अट होती. ‘यूआयटीए’ ही अक्षरं 1931 साली स्थापन झालेल्या व्यापारी संघटनेची. शिंगं असलेलं चंद्रमुख आणि त्यासोबत ‘नव्हाहो’ हा शब्द ही 1941 मध्ये सुरू झालेल्या नव्हाहो हस्तकला गिल्डची खूण.

दागिन्यावर स्वस्तिक आहे. हे काय?

मराठी घरात हा प्रश्न हमखास येतो. नव्हाहो परंपरेत ही आकृती ‘फिरते ओंडके’ म्हणून ओळखली जाते, तिचा संबंध एका उपचारविधीच्या कथेशी आहे. आपल्या स्वस्तिकाशी तिचं नातं जोडू नये, पण नाझींशीही तिचा काही संबंध नाही. 1940 च्या फेब्रुवारीत नव्हाहो, पापागो, अपाची आणि होपी प्रतिनिधींनी एका जाहीरनाम्यावर सह्या करून आपल्या हस्तकलेत हे चिन्ह वापरणं थांबवलं. म्हणून ते असलेला दागिना बहुधा त्याआधीचा असतो. मात्र नव्याने ठसे मारून ‘जुना’ केलेला मालही फिरतो, तेव्हा फक्त या खुणेवर साल ठरवू नका.

‘ओल्ड पॉन’ म्हणजे काय?

गहाणातला दागिना. नव्हाहो कुटुंबं दागिने व्यापारी ठाण्यावर गहाण ठेवून धान्य-सामान नेत आणि लोकर विकली की सोडवत. मुदत संपूनही न सोडवलेला दागिना ‘डेड पॉन’ म्हणून विकला जाई. असा दागिना आधी कुणीतरी स्वतःसाठी घेतलेला असल्याने तो वजनदार असतो, म्हणून या शब्दाला भाव आहे. आज हा शब्द कुठल्याही काळवंडलेल्या चांदीला चिकटवतात. गहाणाची जुनी चिठ्ठी जोडलेली असली तरी ती दोऱ्याने बांधलेली असते, म्हणजेच बदलताही येते.

खरे दगड आहेत की प्लास्टिक, हे घरी कसं तपासू?

10 पट मोठं करणारं भिंग आणि चांगला उजेड एवढं पुरतं. तापवलेली सुई टोचणं आणि ॲसिटोनचा बोळा हे दोन्ही उपाय जालावर सापडतात. जुन्या दागिन्यावर दोन्ही करू नका. सुईने कायमचा डाग पडतो आणि ॲसिटोन इपॉक्सी मऊ करतं.

फिरोजामधल्या काळ्या-तपकिरी रेषा नीट बघा. खऱ्या दगडात त्या आत उतरतात, काही ठिकाणी किंचित खोलगट लागतात. राळेच्या ठोकळ्यात त्या शाईसारख्या एकसारख्या दिसतात आणि सगळे तुकडे हुबेहूब एकाच निळ्या रंगाचे असतात. रंगवलेल्या हाउलाइटमध्ये (फिरोजाच्या नकलेसाठी वापरला जाणारा पांढरा दगड) रंग चिरांमध्ये गडद साचतो. पोवळ्यात अगदी बारीक समांतर रेषा दिसतात. स्पायनी ऑयस्टरमध्ये रंगांचे पट्टे असतात आणि पांढऱ्याकडून नारिंगीकडे जाताना ते हळूहळू बदलतात. मोत्याचा शिंपला कलता केला की चमक सरकते, प्लास्टिकची जागची हलत नाही. जेट हाताला कोमट लागतं, काळा ऑनिक्स थंड.

मग दागिना पालटून पाठ बघा. झाळीच्या रेषा, कानशीचे ओरखडे, ठशाचा मागे उमटलेला उंचवटा या हाताच्या कामाच्या खुणा. पाठ कातीव गुळगुळीत, काठ गोल वितळल्यासारखे आणि बारीक छिद्रं असतील तर साच्यातून ओतलेला माल. पाठ समोरच्यापेक्षा जास्त खरं बोलते, म्हणून फोटो मागताना पाठीचा आधी मागावा.

‘स्लीपिंग ब्यूटी’, ‘बिस्बी’, ‘लोन माउंटन’ अशी खाणीची नावं ऐकून भुलू नका. स्लीपिंग ब्यूटीतलं फिरोजाचं काम 2012 मध्ये बंद झालं, तेव्हापासून या नावाचा भाव चढलाय. बारीक कापलेल्या इनलेच्या तुकड्याकडे नुसतं बघून खाण सांगणं जवळपास अशक्य असतं.

काळे तुकडे प्लास्टिकचे निघाले. म्हणजे कवडीमोल?

थांबा, आधी दागिना कोणता ते बघा. न्यू मेक्सिकोतल्या सांतो दोमिंगो पुएब्लोमध्ये (मूलनिवासींचं गाव, यालाच केवा असंही म्हणतात) 1930–40 च्या मंदीच्या काळात दगड परवडेना. तिथल्या कारागिरांनी मोटारीच्या बॅटरीचं काळं कवच, ग्रामोफोनच्या तबकड्या आणि मोडके कंगवे कापून ‘थंडरबर्ड’ या गरुडासारख्या पौराणिक पक्ष्याच्या आकाराची पदकं बनवली, त्यावर फिरोजा व शिंपल्याच्या कपच्या चिकटवल्या. नीट पाहिलं तर पदकाच्या पाठीवर कधी तबकडीच्या खोबणी दिसतात. ही पदकं नव्हाहो नाहीत आणि त्यात चांदीही नसते, पण आज संग्राहक ती मुद्दाम शोधतात. बॅटरीचं कवच म्हणून ते नाकारणं म्हणजे त्या काळाची सगळी ओढाताण फेकून देणं.

चांदी काळी पडलीय. कशाने घासू?

आपल्या घरातले जवळजवळ सगळे हुकमी उपाय इथे घातक आहेत.

चिंच, लिंबू, व्हिनेगर: पोवळं आणि शिंपले म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबटाने ते विरघळतं. चमक जाते ती परत येत नाही. बाटलीतलं सिल्व्हर डिपही आम्लयुक्त असतं, शिवाय ते ठशांच्या खोलगटातला मुद्दाम ठेवलेला काळेपणा काढून टाकतं. तो काळेपणा हा नक्षीचा भाग आहे. पीतांबरी आणि टूथपेस्टचे कण मऊ शिंपल्यावर ओरखडे पाडतात. ॲल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाणी हा उपाय नुसत्या चांदीला ठीक, इनलेला नाही, कारण गरम पाण्याने इपॉक्सी सैल होते. अल्ट्रासॉनिक मशिनमध्ये टाकला तर एखाद-दुसरा तुकडा तळाशी सापडेल.

करायचं ते इतकंच: चांदी पुसायचं कोरडं कापड घ्या, बोटाच्या टोकावर ताणून फक्त उंच चांदीवरून हलके फिरवा, दगडावर नेऊ नका. खाचेतली धूळ मऊ कोरड्या ब्रशने झटका. घामाचा चिकट थर असेल तर साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या सुती कापडाने पुसा आणि लगेच कोरडं करा. रिठ्याचं पाणी चांदीच्या ताटाला उत्तम आहे, पण हा दागिना पाण्यात बुडवायचाच नाही.

निळा फिरोजा हिरवा पडतोय. उपाय?

नैसर्गिक फिरोजा सच्छिद्र असतो. तो तेल, लोशन, अत्तर, घाम शोषतो आणि हिरवट होतो. हे उलटवता येत नाही. तेल, क्रीम, अत्तर आधी, दागिना शेवटी, हा क्रम पाळला की वेग मंदावतो. राळ भरलेल्या ‘स्टॅबिलाइज्ड’ फिरोजाचा रंग फारसा बदलत नाही. म्हणून जुना दगड हिरवा पडलेला असणं ही कित्येकदा त्याच्या अस्सलपणाच्या बाजूने जाणारी गोष्ट आहे.

एक तुकडा निघाला. घरी बसवता येईल?

तुकडा हाताशी असेल तर येईल.

1. तुकडा कुठल्या दिशेने बसत होता त्याचा फोटो काढा. कोरडा बसवून बघा.
2. खळग्यातली जुनी चिकटवण लाकडी टूथपिकने काढा. सुई नको, शेजारच्या दगडाचा काठ उडतो.
3. खळगा आणि तुकड्याची पाठ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या किंचित ओल्या बोळ्याने पुसा, 10 मिनिटं वाळू द्या.
4. दोन ट्यूबची सावकाश कडक होणारी इपॉक्सी समान भागात घ्या. मोहरीएवढी पुरते. 5 मिनिटांत पकडणारी नको, तुकडा नीट सरकवायला वेळ मिळत नाही.
5. तळाला पातळ थर द्या, तुकडा बसवा, कडेला आलेली इपॉक्सी ओली असतानाच पुसा.
6. वर कागदी टेप लावून 24 तास हलवू नका.

झटपट चिकटणारं सुपरग्लू वापरू नका. ते ठिसूळ असतं, आजूबाजूला पांढुरकी छाया सोडतं आणि पुढच्या कारागिराला काढताना नाकी नऊ आणतं. तुकडा पातळीपेक्षा केसभर वर राहिला तर तसाच राहू द्या. घासायला गेलात तर शेजारचे जुने दगडही घासले जातात.

तुकडा हरवला असेल तर दगड कापणाऱ्याकडे जा. शिंपला नेहमी पाण्याखाली कापायचा आणि तोंडावर मास्क हवा, त्याची भुकटी फुप्फुसांना घातक असते.

अंगठी घट्ट होते. आपल्या सराफाकडून मोठी करून घेऊ?

तुकडे काढल्याशिवाय नाही. चांदीची झाळ साधारण 600 अंशांच्या वर वितळते. अंगठीच्या मागच्या बाजूला ज्योत लावली तरी चांदी क्षणात उष्णता पुढे नेते: इपॉक्सी जळते, फिरोजा रंग बदलून तडकतो, जेट तर कोळसाच. ‘ओल्या कापडात गुंडाळून करतो’ असं कुणी म्हणालं तरी जोखीम घेऊ नका. लेझर वेल्डिंग असलेल्या कार्यशाळेत उष्णता एका बिंदूपुरती राहते, तिथे विचारा. आणि अंगठीच्या संपूर्ण गोलाईवर इनले असेल तर मापाचा विषयच सोडा, दुसरं बोट निवडा.

कडं सैल आहे. दाबून बसवू का?

इनले असलेलं कडं वाकवू नये. चांदी वाकते, दगडांची ओळ वाकत नाही, मग मधला तुकडा उडतो किंवा चिरतो. घेतानाच माप बघा: आतला घेर आणि फटीची रुंदी यांची बेरीज म्हणजे मनगटाचं माप. उदाहरणार्थ आतून 5.25 इंच आणि फट 1 इंच असेल तर कडं 6.25 इंच मनगटाला बसेल. घालताना दोन्ही टोकं फाकवू नका. मनगटाच्या अरुंद बाजूला एक टोक टेकवा आणि कडं गोल फिरवत आत घ्या. रोज फाकवून घातलेली कडी शेवटी मधोमध तुटतात.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कसं ठेवायचं?

प्रत्येक दागिना वेगळ्या झिपच्या पिशवीत, हवा काढून, सोबत काळेपणा रोखणारी पट्टी. वर्तमानपत्र, लोकर आणि रबरबँड नको. त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. डांबराच्या गोळ्यांचं कपाटही टाळा, त्यांची वाफ काही राळी मऊ करते.

घ्यायचा तर कुठे, आणि काय विचारायचं?

न्यू मेक्सिकोतल्या सांता फेला गव्हर्नर्स पॅलेसच्या ओसरीत मूलनिवासी कारागीर स्वतः बसून विकतात. 1922 मध्ये सुरू झालेलं इंडियन मार्केटही याच शहरात, आता दर ऑगस्टला भरतं. जुन्या मालासाठी न्यू मेक्सिकोतलं गॅलप हे व्यापाराचं मोठं गाव, आणि ॲरिझोनातल्या गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट अजून चालू आहे.

1990 च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार इतरांनी बनवलेला माल ‘नव्हाहो’ म्हणून विकणं गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला व्यक्तीला 2,50,000 डॉलरपर्यंत दंड आणि 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2018 मध्ये फिलिपिन्समध्ये बनवलेले दागिने मूलनिवासींचे म्हणून विकणाऱ्या न्यू मेक्सिकोतल्या एका व्यापाऱ्याला सहा महिन्यांची कैद झाली. हा कायदा 1935 नंतर बनलेल्या मालाला लागू आहे, म्हणजे इनले जवळपास सगळं त्यात येतं. म्हणून शब्द ऐकून घ्या: ‘नव्हाहो-मेड’ हा दावा आहे, ‘नव्हाहो स्टाइल’ म्हणजे हात झटकणं.

पावतीवर या गोष्टी लिहून घ्या: जमात, कारागिराचं नाव माहीत असल्यास ते, अंदाजे दशक, चांदीचा कस, प्रत्येक द्रव्याचं नाव, दगड नैसर्गिक की स्टॅबिलाइज्ड, आणि पूर्वी काही दुरुस्ती झाली असेल तर तीही. जुन्या मालाची माहिती तोंडी सांगायला आणि लिहून द्यायला वेगवेगळा जोर लागतो. लिहून देताना विक्रेता ज्या शब्दावर अडखळेल, त्या तुकड्यावर भिंग पुन्हा धरा.